‘तुरळक ठिकाणी’मधला ‘ठिकाणी’ गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात उत्तरेतल्या हवामानाची चार ओळींची बातमी होती. मथळा असा: ‘उत्तराखंडात तुरळक हिमवृष्टी, थंडी ओसरणार’. मी भूगोल शिकवते आणि गेली सतरा वर्षे दर डिसेंबरात अकरावी-बारावीच्या मुलांना घेऊन हिमालयात जाते. त्यामुळे अशी बातमी दिसली की मी हवामान खात्याचे मूळ पत्रक काढून शेजारी ठेवते. या वेळीही ठेवले. पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ असे होते. बातमीत ‘ठिकाणी’ गळला होता. पत्रकात ‘तीन हजार मीटरच्या वर’ असे होते, बातमीत उंचीचा उल्लेख नव्हता. पत्रकात सोसाट्याच्या वाऱ्याचा पिवळा इशारा होता, बातमीत वारा हा शब्दच नव्हता. आणि ‘थंडी ओसरणार’ हे पत्रकात कुठेच नव्हते. किमान तापमान दोन-तीन अंशांनी वाढेल एवढेच होते.

जागा कमी असते, हे मला कळते. पण या गळलेल्या तीन गोष्टींमुळे बातमीचा अर्थ उलटा होतो. तो कसा, हे मी स्वतः एकदा डोंगरावर भोगले आहे. म्हणून हे पत्र जरा लांब लिहिते आहे.

आधी त्या ‘तुरळक’विषयी. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतेक ठिकाणी’ या शब्दांना नेमका अर्थ आहे. हे शब्द पाऊस किंवा बर्फ किती जागी पडेल ते सांगतात. किती जोराने पडेल ते सांगत नाहीत. एखाद्या भागातल्या नोंदकेंद्रांपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंत पडणार असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. तीन चतुर्थांशाहून जास्त ठिकाणी पडणार असेल तर ‘बहुतेक ठिकाणी’. म्हणजे तुरळक ठिकाणी मुसळधारही पडू शकतो. ‘ठिकाणी’ काढून टाकले की वाचणाऱ्याला वाटते, चार भुरभुर पाकळ्या पडतील, मुलांना खेळायला बरे. मैदानी भागात हा गैरसमज निभावून जातो. डोंगरात त्या चौथ्या हिश्श्यात नेमके आपणच असतो, कारण बर्फ उंचावर पडतो आणि आपण उंचावर गेलेलो असतो.

‘हलका’ आणि ‘मध्यम’ या शब्दांचेही तसेच. ते जोराचे शब्द आहेत खरे, पण मोजपट्टी पावसाची आहे. चोवीस तासांत साधारण १५ ते ६४ मिलिमीटर पाणी पडले तर ते ‘मध्यम’. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा ढोबळ हिशेब एकास दहा असा धरतात: एक मिलिमीटर पाण्याचा साधारण एक सेंटिमीटर बर्फ होतो. तेव्हा ‘मध्यम हिमवृष्टी’ म्हणजे वीतभरापासून थेट दोन फुटांपर्यंत. दोन फूट बर्फात सोळा वर्षांचा मुलगा पाठीवर पिशवी घेऊन तासाला किती चालेल, हे ज्याने पाय उपसत चालून पाहिले आहे त्यालाच कळेल.

आता माझी गोष्ट सांगते.

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही केदारकंठ्याला गेलो होतो. उत्तरकाशी जिल्ह्यातले हे शिखर साडेबारा हजार फुटांचे, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर. पायथ्याचे सांकरी गाव १,९५० मीटरच्या आसपास. हिवाळ्यात नवख्यांना झेपणारा ट्रेक म्हणून आपल्याकडची पुष्कळ मुले तिथे जातात. आमची एकोणीस मुले होती, आम्ही दोन शिक्षक, आणि सांकरीचा वाटाड्या, ज्याला आम्ही सगळे ‘भैजी’ म्हणायचो. निघायच्या आदल्या दिवशी एका पालकांनी वर्तमानपत्राचे कात्रण आणून दिले होते (ते आपले दैनिक नव्हते). मजकूर जवळपास आत्ताच्यासारखाच: तुरळक हिमवृष्टी, किमान तापमानात वाढ, थंडीचा जोर कमी. त्या माऊलीचा जीव भांड्यात पडला होता. खरे सांगायचे तर माझाही.

शिखराच्या आधीच्या मुक्कामावर संध्याकाळी चंद्राला मोठे खळे पडले होते. पश्चिमेकडून केस विंचरल्यासारखे पातळ ढग येत होते. रात्री तंबूत मला उकडल्यासारखे झाले, मी एक स्वेटर काढून ठेवला. आदल्या रात्रीपेक्षा थंडी स्पष्ट कमी होती. मुले खूश होती. भैजी मात्र शेकोटीपाशी बसून सारखे वर बघत होते. मला म्हणाले, “मॅडमजी, ये गरमी अच्छी नहीं है.”

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. मी वर्गात तो शिकवते. हिवाळ्यात उत्तरेला पाऊस आणि बर्फ देणारी वादळे भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतात आणि उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांच्या झोतावर बसून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्या हिमालयावर येतात. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांना कधी पश्चिमी विक्षोभ म्हणतात, कधी पश्चिमी प्रकोप, कधी पश्चिमी झंझावात. तीन नावांमुळे वाचणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण गोष्ट एकच. हिवाळ्यात महिन्याला अशी चार ते सहा वादळे येतात. वादळ जवळ येऊ लागले की पुढे दक्षिणेकडची दमट, उबदार हवा ओढली जाते. ढग पसरतात. रात्री जमिनीची ऊब वर निघून जायची ती ढगांखाली अडकते आणि किमान तापमान चढते. वादळ सरकून गेले की वायव्येकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो, आभाळ लख्ख होते आणि पारा धाडकन खाली येतो.

म्हणजे ‘किमान तापमानात वाढ’ ही डोंगरातल्या माणसाला वादळ दाराशी आल्याची खूण आहे. वर्तमानपत्र तीच खूण ‘थंडी ओसरली’ अशी छापते. संपादक महोदय, सगळ्यात जास्त मला हीच गोष्ट सांगायची आहे. नुसत्या किमान तापमानाचा आकडा डोंगरासाठी अपुरा तर आहेच, पण नेमक्या वाईट दिवशी तो दिलासा देतो.

पहाटे साडेतीनला आम्ही निघालो. भैजी म्हणाले होते, नऊच्या आत परत फिरायचे, शिखर होवो न होवो. झाडांच्या रांगेत होतो तोवर सगळे शांत होते. झाडी संपली आणि उघड्या सोंडेवर पाऊल टाकले तेव्हा वाऱ्याने मला बाजूला ढकलले. शेजारच्या माणसाने खांद्याने ढकलावे तसेच. माझ्या तापमापीवर उणे १० होते. तेवढे सोसायची तयारी आम्ही केली होती, कपडे त्या हिशेबाने घेतले होते. वाऱ्याचा हिशेब कोणी केलाच नव्हता. कात्रणात वारा नव्हता, म्हणून माझ्या यादीतही नव्हता.

उणे १० तापमानात वारा नसेल तर उघड्या कातडीला उणे १०च जाणवते. तोच वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर उणे २१ असल्यासारखे वाटते. उणे २० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उणे ३३, आणि तिथे उघडे बोट अर्ध्या तासाच्या आत हिमदंशाने जाऊ शकते. हे कोष्टक अंदाजाने बांधलेले नाही. सायपल आणि पॅसल या दोघांनी अंटार्क्टिकात वाऱ्यात टांगलेल्या नळकांड्यातले पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजले आणि १९४५ मध्ये ते छापले. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने माणसांच्या चेहऱ्यावर प्रयोग करून ते सूत्र सुधारले. वाऱ्याने बाटलीतले पाणी हवेपेक्षा थंड होत नाही, फक्त लवकर गार होते. पण माणूस सतत ऊब तयार करत असतो, आणि त्याच्या कातडीलगत जमलेला उबदार थर वारा क्षणाक्षणाला ओरबाडून नेतो.

आमच्यातल्या एका मुलीने मैत्रिणीच्या पिशवीची चेन उघडायला उजव्या हाताचा मोजा काढला. चेन गोठून बसली होती, जाड मोज्यात हाताला येईना. मोजा तिने काखेत धरला. एक झोत आला आणि मोजा गेला. तो बर्फावरून घरंगळत, मग उडत, कड्यापलीकडे जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. पोरगी हसली. “मॅडम, माझ्याकडे दुसरी जोडी आहे,” म्हणाली. ती जोडी पिशवीच्या तळाशी होती. पिशवी उतरवून, उघडून, शोधून मोजा हातात येईपर्यंत सात-आठ मिनिटे गेली असतील. तेवढ्यात तिची तर्जनी आणि मधले बोट पुढच्या पेरापर्यंत पांढरे झाले. फिकट नव्हे, पांढरे, मेणबत्तीसारखे. मी दाबून पाहिले, तिला काहीच कळत नव्हते. मागून एक मुलगा म्हणाला, “चोळ, चोळ, बर्फाने चोळ.” ही समजूत अजून लोकांत आहे, म्हणून इथे मुद्दाम लिहिते: चोळायचे नाही, बर्फ लावायचा नाही, शेकोटीशीही धरायचे नाही, कारण सुन्न कातडी भाजली तरी कळत नाही. भैजींनी स्वतःच्या जाकिटाची चेन उघडली, तिचा हात त्यांनी थेट स्वतःच्या काखेत घेतला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. वीस मिनिटांनी बोटांत कळ आली आणि ती रडायला लागली. त्या रडण्याने मला जेवढा धीर आला तेवढा आजवर कशानेच आलेला नाही. बोटे वाचली. पण गारठ्यात त्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात, असे ती सांगते.

तिथूनच आम्ही परत फिरलो. शिखर दिसत होते. मुलांचे चेहरे पडले, दोघे-तिघे माझ्याशी बोलेनात.

उतरताना बर्फाच्या सरी सुरू झाल्या. ‘सरी’ हा शब्द आपण पावसासाठी वापरतो, तोच इथे चपखल आहे. सलग बर्फ पडतो तेव्हा आभाळ एकसारखे राखाडी असते आणि माणूस सावध असतो. सरींचे तसे नाही. दहा मिनिटे ऊन, इतके की गॉगल लावावा. मग एक ढग सोंडेवर चढतो आणि पुढची पंधरा मिनिटे पुढच्या माणसाची पिशवीसुद्धा दिसत नाही. जमीन आणि आभाळ एकच पांढरे होते, चढ की उतार तेही पायाला विचारावे लागते. वारा आमच्याच पाऊलखुणा आमच्या देखत बुजवत होता. भैजींनी सगळ्यांना एकमेकांच्या पिशवीचा पट्टा धरून उभे केले आणि दर सरीत जागचे हलू दिले नाही. ‘तुरळक हिमवृष्टी’ ती हीच.

दुसऱ्या दिवशी आभाळ निळेशार होते. मुले म्हणाली, आता चला. मलाही मोह झाला. भैजी मला आणि दोन मोठ्या मुलांना घेऊन सोंडेच्या आडोशाच्या बाजूला गेले. आदल्या दिवशी वाऱ्याने पश्चिमेच्या अंगावरचा बर्फ खरवडून पूर्वेच्या अंगावर आणून टाकला होता. इकडे गवत उघडे पडले होते, तिकडे कमरेएवढा थर. आभाळातून पडतो त्यापेक्षा कितीतरी झपाट्याने, दहापट वेगानेसुद्धा, वारा असा बर्फ एका उतारावर रचू शकतो. भैजींनी कडेवरूनच काठीने त्या थरावर ठोकले. ढोलासारखा पोकळ आवाज आला. वरचा थर कडक, खाली भुसभुशीत, मध्ये काही धरून ठेवणारे नाही. हिमस्खलने बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि माणसे सापडतात ती बहुतेक वेळा त्यांच्याच पावलांनी सुटलेल्या थरात. गाडले गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर आशा, नंतर ती भराभर कमी होते. आम्ही सरळ सांकरीला उतरलो. बर्फ पडत असतो तेव्हा लोक भितात आणि ऊन पडल्यावर निघतात. ऊन पडल्याचा तो पहिला दिवस बर्फाळ उतारावर सगळ्यात घातक असतो.

ही झाली माझी छोटी गोष्ट, त्यात कोणाचा जीव गेला नाही. पण बातमीत काय छापले जाते यावर किती अवलंबून असते ते २०१४ मध्ये दिसले होते. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ धडकले. किनारा ओलांडल्यावर ‘वादळ शमले’ म्हणून नकाशे मिटले गेले. त्याचे उरलेले बाष्प उत्तरेकडे जात राहिले आणि दोनच दिवसांनी, १४ तारखेला, नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात बर्फाचे वादळ झाले. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरांग ला खिंडीतले आणि आसपासचे ट्रेकर, वाटाडे, गुराखी मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली. ट्रेकचा तो ऐन हंगाम होता.

आणि २८ फेब्रुवारी २०२५ ची माणा गावाची दुर्घटना तर ताजीच आहे. बद्रीनाथच्या पुढे रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले, ५४ जण बर्फाखाली अडकले, आठ गेले. चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने, ‘डीजीआरई’ने, आदल्या संध्याकाळी चमोलीसह पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा इशारा दिलेला होता. इशारे निघतात. ते वाचता येतील अशा भाषेत माणसांपर्यंत पोचत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डिसेंबर ते मार्च, उत्तरेतल्या हवामानाची बातमी देताना ‘ठिकाणी’ हा शब्द गाळू नका. उंचीचा आकडा द्या. उत्तरकाशी जिल्हा हजार मीटरच्या दरीपासून सात हजार मीटरच्या शिखरांपर्यंत पसरलेला आहे, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. सांकरीला शून्य असेल तर शिखरावर उणे १२. ‘उत्तरकाशी: २ अंश’ असे छापल्याने वर चढणाऱ्याला काहीच कळत नाही. वाऱ्याचा वेग द्या, आणि झोतांचा वेगळा द्या, कारण माणसाला पाडतो तो झोत. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हिमस्खलनाचा इशारा असेल तर तो मथळ्यात घ्या, शेवटच्या ओळीत नको. किमान तापमान वाढणार असेल तर का वाढणार तेही लिहा. आणि त्या वादळाला वर्षभर एकच नाव ठेवा, कोणतेही.

याला फार जागा लागत नाही. मी काल आपल्या अंकातल्या त्याच चार ओळी पुन्हा लिहून पाहिल्या: ‘पश्चिमी झंझावातामुळे उत्तराखंडात बुधवारी व गुरुवारी ३,००० मीटरच्या वर तुरळक ठिकाणी हलकी ते मध्यम हिमवृष्टी. ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा. ढगाळ हवेमुळे रात्रीचे तापमान तात्पुरते वाढेल, शुक्रवारपासून झपाट्याने घटेल.’ यात बसले. माझ्या फळ्यावर लिहून मुलांना वाचायला दिले, आणि निघायचे की थांबायचे हे त्यांनी मला न विचारता सांगितले.

या वर्षी आमची तुकडी २४ डिसेंबरला निघते आहे. एकवीस मुले आहेत. त्या अपघातानंतर मी हातात धरायचे वारा मोजण्याचे छोटे यंत्र घेतले, आता प्रत्येक मुलाच्या मोज्यांना मनगटाशी दोरी शिवलेली असते, आणि मुक्काम हलवण्याआधी मूळ पत्रक मी स्वतः वाचते. पण घरी राहणारे पालक पत्रक वाचत नाहीत, ते आपले दैनिक वाचतात. आणि संध्याकाळी फोन लागला की मुलाला विचारतात, “एवढं लांब गेलात, मग वर का नाही गेलात?” २२ आणि २३ तारखेच्या अंकांत वाऱ्याचा आकडा असेल, तर तो प्रश्न या वेळी तरी कोणी विचारणार नाही.

आपली,
एक भूगोल शिक्षिका